जर्मन बी१पर्यंतच (सहापैकी तिसरी पातळी) झालंय, सोसायटीतल्या मुलांना शिकवू का?

शिकवा की! फक्त ए१पुरतं, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं, आणि आपली पातळी पालकांना आधीच सांगून. भाषेत तीन लिंगं असतात हे मराठी मुलांना समजावत बसावं लागत नाही, हा मोठा फायदा. गोंधळ पुढे होतो: आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांची ‘डी झोनऽ’ स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम आर्टिकलसकटच, म्हणजे लिंग दाखवणाऱ्या पुढच्या शब्दासकटच, पाठ करून घ्या. वहीत डेर, डी, दास तीन रंगांत लिहायला लावा. उच्चारांसाठी मात्र स्वतःवर विसंबू नका. ओठ ‘ऊ’चे ठेवून ‘ई’ म्हणायचा तो उमलाउट (दोन टिंबांचा ü) रेकॉर्डिंगवरूनच ऐकवा, एकदा चुकीचा बसला की सुटता सुटत नाही. ए१ झालं की सरळ जर्मन शिकवणाऱ्या मॅक्सम्युलर भवनात पाठवा.

फी घ्या, पण माफक. पुण्यात ‘तुमचं सर्टिफिकेट कुठलं?’ हे विचारणारच.