लेकीचे १०४ गुण आणि आईची अब्रू

ताई, नमस्कार.

वाचकांना आधी पत्र थोडक्यात सांगते. लिहिणाऱ्या ताई मूळच्या इचलकरंजीच्या. सिंगापूरला नोकरीत असताना चिनी सहकाऱ्याशी लग्न झालं आणि लेकीच्या जन्माआधीपासून त्या चीनमध्ये सुझोऊला राहतात. लेक तिथल्याच शाळेत, चिनी माध्यमात शिकली. यंदा तिचं उच्च माध्यमिकचं शेवटचं वर्ष आहे आणि जूनमध्ये ती गाओकाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा देणार आहे. सराव परीक्षेत इंग्रजीत १५० पैकी १०४ पडले आणि सगळ्यात जास्त गुण उताऱ्यांवरच्या प्रश्नांत गेले. ताईंचा प्रश्न एका ओळीचा आहे: रोज किती उतारे सोडवून घेऊ?

किती ते सांगते, पण जरा थांबा. तुमच्या पत्रात मला गुणांपेक्षा दुसरंच वाक्य टोचलं. 'आई भारतीय, घरात इंग्रजी फुकटात, आणि पोरीला १०४. पालकसभेत मला मान वर करवत नाही.' सासूबाईंच्या शेजारणी काय म्हणतात, वर्गातल्या इतर आया कशा हसतात, यावर तुम्ही पानभर लिहिलंय. लेक काय म्हणते याला मात्र दोन ओळी मिळाल्या आहेत.

तुमच्याकडची रात्र तुम्हीच लिहिली आहे. शाळेतला संध्याकाळचा अभ्यासवर्ग संपवून ती साडेदहाला घरी येते. जेवण गरम होईपर्यंत तुम्ही मोबाइलवर टायमर लावता आणि दोन उतारे समोर ठेवता. ती मोठ्यानं वाचते, तुम्ही उच्चार सुधारता, मग प्रश्न. चुकलं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. तीन वर्षांपूर्वी तुम्ही घरातली मराठी बंद केलीत, सवय व्हावी म्हणून 'ओन्ली इंग्लिश'. आणि आता तक्रार अशी की ती तुमच्याशी बोलत नाही, विचारलं तर बाबांकडे बघून चिनीत उत्तर देते. ताई, दिवसातला एकुलता एक तास आई परीक्षक होऊन बसणार असेल तर कोण बोलेल? मीही नसते बोलले.

जरा कडक बोलते, राग मानू नका. सभेत मान खाली जाते ती तुमची. त्या १०४ गुणांत तुमच्या अब्रूचा एकही गुण नाही. तुम्ही इंग्रजी ऑफिसात वापरून, मीटिंगमध्ये चुकतमाकत शिकलात. ती इंग्रजी शिकली चिनीतून समजावून सांगणाऱ्या शिक्षकांकडून, पन्नास मुलांच्या वर्गात, पर्यायांपुढे खुणा करत. तिच्या परीक्षेत गप्पा मारायच्या नसतात. १२० मिनिटांत १५० गुणांचा पेपर असतो आणि तोही ८ जूनला दुपारी ३ वाजता, आधीचे तीन पेपर अंगावर घेऊन. तुमच्या अस्खलित बोलण्याचा तिथे जवळजवळ काही उपयोग नाही. उलट तुमचं इंग्रजी चांगलं असल्यामुळेच तिला नेमकं कुठे अडतं ते तुम्हाला दिसत नाहीये, कारण तुम्ही स्वतः तिथे कधी अडलाच नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंमधली प्रश्नपत्रिका मी बसून सोडवली. तुमच्या च्यांगसू प्रांतात जो राष्ट्रीय पेपर असतो त्याच्याच धर्तीवर आहे: ऐकणं ३०, वाचन ५०, भाषेचा वापर ३०, लेखन ४०. वाचनात चार उताऱ्यांवर १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. शिवाय एक उतारा पाच रिकाम्या जागांचा, त्यासाठी वाक्यं सात दिलेली, दोन उगाच भरीची. तिचे १५ पैकी सहा चुकले आणि रिकाम्या जागांतले दोन, म्हणजे २० गुण इथेच गेले. ऐकण्यात ३० पैकी २७ आहेत, ते तुम्ही पत्रात लिहिलंच नाही! पहिल्या उताऱ्यात, जिथे सूचनापत्र किंवा जाहिरातीसारखा मजकूर असतो, तिथे एकही चूक नाही. दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन, चौथ्यात तीन. एवढ्यावरून पोरीला इंग्रजी येत नाही असं म्हणता येत नाही.

आता तुमचा समज. 'तिचे शब्द कमी पडतात, म्हणून ३५०० शब्दांची यादी पुन्हा पाठ करून घेतेय.' हा समज चीनमध्ये जितका पक्का आहे तितकाच आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्येही आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. तिसरा उतारा पुन्हा काढा. एका गावातली नगरपालिका रस्त्याकडेचं गवत कापणं थांबवते आणि तिथे रानफुलं वाढू देते. पहिल्या उन्हाळ्यात लोक तक्रार करतात की सगळं गबाळं दिसतं. नगरपालिका म्हणते, कापणीचा खर्च तरी वाचतोय. मधमाश्या परत येतात. तिसऱ्या वर्षी तेच लोक 'आमच्याही गल्लीत करा' म्हणून अर्ज घेऊन येतात. प्रश्न आहे: रहिवाशांबद्दल काय कळतं? लेकीनं खूण केलीय 'त्यांनी खर्चाबद्दल तक्रार केली' यावर. तक्रार उताऱ्यात आहे, खर्चही आहे, पण तक्रार खर्चाची नाही. बरोबर पर्याय होता 'त्यांचं मत हळूहळू पालटलं', आणि यातला एकही शब्द उताऱ्यात नाही. म्हणूनच तिनं तो सोडला. तिनं पेन्सिलीनं अडलेले शब्द अधोरेखित केलेत, ते दोनच आहेत आणि या प्रश्नाला दोन्ही लागत नाहीत. यादीबाहेरचा अवघड शब्द आलाच तर या परीक्षेत बऱ्याचदा शेजारी कंसात चिनी अर्थ छापलेला असतो. तेव्हा घोडं शब्दांपाशी अडलेलं नाही. उताऱ्यातला ओळखीचा शब्द पर्यायात दिसला की ती हुरळून जाते, आणि पेपर काढणारे नेमकं हेच हेरून पर्याय रचतात. दोन खऱ्या गोष्टींची चुकीची गाठ मारतात, 'सगळे', 'फक्त', 'नेहमी' असा एखादा शब्द आत सरकवतात, किंवा जगात खरं पण उताऱ्यात नसलेलं काही लिहितात. यादी दहादा पाठ केली तरी हे उमगत नाही. चुकलेला पर्याय का चुकला, हे बोट ठेवून उताऱ्यात दाखवता आलं की उमगतं.

चौथ्या उताऱ्याचं दुखणं वेगळं. चिनीत नामाबद्दल जे काही सांगायचं ते, कितीही लांबलं तरी, नामाच्या आधी येतं. आपणही 'गेल्या वर्षीच्या पुरात वाहून गेलेला पूल' असंच म्हणतो. इंग्रजीत पूल आधी येऊन बसतो, तो कुठला हे मागून येतं, आणि त्या पुलाचं पुढे काय झालं हे सांगणारं क्रियापद कधी कधी दोन ओळी पलीकडे. शास्त्रीय विषयाच्या उताऱ्यात अशी वाक्यं एकामागून एक येतात. लेक ओळीतून शब्दामागून शब्द चिनी करत जाते आणि क्रियापदापाशी पोचेपर्यंत ते कुणाचं हेच तिच्या हातून सुटतं. उपाय साधा आहे. लांब वाक्य आलं की मुख्य क्रियापदाखाली रेघ मारायची आणि कर्त्याकडे बाण काढायचा. मधला मजकूर दुसऱ्या वाचनाला. ही अडचण तिला मराठीतून समजावता येईल, आणि तसं करू शकणारं माणूस सुझोऊत बहुधा तुम्ही एकट्याच आहात. ती भाषा तुम्ही बंद करून ठेवली आहे.

तर रोज किती? घरी एकही नको. शाळेत उताऱ्यांचा रतीब चालूच आहे, त्यात भर घालून काही साधणार नाही. रविवारी, ती झोप काढून उठल्यावर, आठवड्यातले चुकलेले प्रश्न तेवढे काढायचे आणि प्रत्येकाला पुरावा शोधायचा: कुठली ओळ? तुम्ही बाजूला बसलात तर उत्तर सांगायचं नाही, उच्चार सुधारायचे नाहीत. मोठ्यानं वाचणं आजपासून बंद, तोंड उच्चारात गुंतलं की डोकं अर्थ सोडून देतं. रिकाम्या जागांच्या उताऱ्यात आधीच्या आणि पुढच्या वाक्यातलं 'हे', 'ते', 'पण', 'शिवाय' पाहायचं, तिथे धागा सापडतो. वेळ लावून सराव वसंत ऋतूतल्या सराव परीक्षांच्या सुमाराला सुरू केला तरी चालेल. इंग्लंडमधल्या शिक्षकाची ऑनलाइन शिकवणी लावू का, असंही विचारलंत. नको. त्यांना या पेपरची रचना माहीत नसेल, आणि पोरीला आणखी एक माणूस उच्चार सुधारायला मिळेल.

इथवर तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण मला प्रश्नच चुकीचा वाटतो.

शेवटून तिसऱ्या ओळीत तुम्ही उडत उडत लिहिलंय: 'तिच्या डोक्यात टेक्स्टाइलचं खूळ आहे, ते जाईल.' त्याआधी चार पानं शांघायच्या परदेशी भाषा विद्यापीठात इंग्रजीची पदवी कशी मिळेल यावर. गणितात तिला १२८ आहेत. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही तिनं घेतलेले आहेत, आणि अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांना आता तिकडे हीच जोडी लागते. म्हणजे मुलीनं विषय निवडतानाच मनाशी काही ठरवलेलं होतं. आणि राहते कुठे? सुझोऊत! शेकडो वर्षं रेशमावर जगलेलं शहर. तिथलं जुनं रेशीम तंत्रज्ञान महाविद्यालय १९९७ मध्ये सुझोऊ विद्यापीठात विलीन झालं, तेव्हापासून वस्त्र आणि रेशीम अभियांत्रिकी हा त्या विद्यापीठाचा मानाचा विषय आहे. त्याच शहराच्या हद्दीत वुजियांगकडे शंगझ आहे, कापडाची अवाढव्य बाजारपेठ. याला तुम्ही खूळ म्हणता?

खूळ का म्हणता याचा मला अंदाज आहे. इचलकरंजीत यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या अनेक मुलींनी मनाशी ठरवलेलं असतं की यातून सुटायचं. वडिलांची उधारी, सुताचे भाव, वीज गेली की थांबलेले माग, हे तुम्ही लिहिलं आहे, आणि त्यातून इंग्रजीनं तुम्हाला बाहेर काढलं हेही. ते खरंच आहे. पण लेकीला कशातून सुटायचं नाहीये. तिला धागा आवडतो. नव्या तंतूंवर, वैद्यकीय कापडावर, रंगाई-धुलाईच्या पाण्यावर आज जे काम होतं त्यात रसायन आणि भौतिकशास्त्र आहे, आणि ती त्यात बरी आहे. इंग्रजीचं तिथे काम पडेलच, शोधनिबंध वाचायला. त्यासाठी तिचे आजचे १०४ पुरेशी सुरुवात आहेत, वरच्या पद्धतीनं ११२-११५ झाले तर उत्तमच. १३० चा हट्ट तुमचा आहे. एकूण ७५० गुणांत गणितालाही १५० आहेत, हे विसरू नका.

बाकीच्या वाटा तुम्हाला ठाऊक आहेत. मनासारखे गुण नाही पडले तर वर्ष पुन्हा करणारी मुलं असतात, तीन वर्षांची व्यावसायिक महाविद्यालयं आहेत, परदेशी विद्यापीठांशी जोडलेले महागडे अभ्यासक्रम आहेत. तिला पुण्यात आणून बी.ए.ला घालायचा विचार सोडा. इथे ती परदेशी विद्यार्थिनी ठरेल आणि तिथे जमवलेला सगळा पाया वाया जाईल.

निकाल जूनच्या अखेरीस लागतो आणि लगेच पसंतीक्रम भरायचा असतो. तेव्हा घाईत भांडण्यापेक्षा हिवाळ्याच्या सुट्टीत तिच्या बाबांना सांगून शंगझला एखादी गिरणी दाखवा, विद्यापीठाचा तो विभागही बाहेरून का होईना बघून या. तुम्ही गेलात तर मागांच्या आठवणी पोटात ठेवा. बघून तिचं मन पालटलं तर पालटू दे. आणि तरीही इंग्रजीचीच पदवी घ्यायची असं ठरलं, तर ते मला पुढच्या पत्रात तिनं स्वतः कळवावं. चिनीत लिहिलं तरी चालेल, वाचून देणारं माणूस आहे माझ्याकडे.