जीन अंगात असणं वेगळं, चालू असणं वेगळं

या महिन्यात नाशिक जिल्ह्यातून आलेली तीन पत्रं एकत्र घेतेय. एक बाळाचं आहे, एक द्राक्षाचं, एक आईच्या कॅन्सरचं, पण तिघांचंही अडलंय एकाच ठिकाणी. पेशीत जीन (डीएनएवरचा, काय बनवायचं ते सांगणारा तुकडा) आहे एवढ्यावर काही ठरत नाही, त्यावरून आरएनए (जीनची कामापुरती नक्कल) निघतो का, किती निघतो, कुठल्या पेशीत आणि कुठल्या वयात निघतो हे बघावं लागतं, आणि यालाच जीन एक्स्प्रेशन म्हणतात. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये बॅक्टेरियात जीन गरजेप्रमाणे चालू-बंद कसे होतात ते मांडलं, १९६५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि आता तेच ज्ञान आपल्या दवाखान्यापर्यंत आणि बागेपर्यंत आलंय.

प्रश्न: ताई, आम्ही मूळचे सुरगाण्याचे, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत म्हणून नाशिकला राहतो. मुलगा जन्मला तेव्हा एकदम ठणठणीत होता, सात महिन्यांचा झाला आणि हातापायाची बोटं सुजली, रात्ररात्र रडायचा. तपासणीत सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला, एसएस, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती सिकलच्या. सासूबाई म्हणतात जन्मताना नव्हतं म्हणजे तुझ्या दुधातून गेलं. आता डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिलंय आणि शेजारच्या काकू म्हणतात ते कॅन्सरचं औषध आहे, देऊ नको. काय करू?

उत्तर: आधी ते दुधाचं मनातून काढून टाक. तुझ्या खाण्यातून, दुधातून काहीही गेलेलं नाही. सिकलसेलच्या जीनची एक प्रत तुझ्याकडून आलीय आणि एक त्याच्या बाबांकडून, तुम्ही दोघं वाहक आहात, म्हणजे तुमच्याकडे अशी एकच प्रत आहे, आणि वाहकाला सहसा त्रास नसतो म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. यात दोष कुणाचाच नाही, सासूबाईंना हे शांतपणे वाचून दाखव.

मग सहा-सात महिने काहीच कसं झालं नाही? पोटात असताना बाळाचं रक्त वेगळ्या हिमोग्लोबिनवर चालतं, फीटल हिमोग्लोबिन, आणि त्यासाठी गॅमा नावाचा जीन लागतो. सिकलसेलमधला बिघाड आहे बीटा नावाच्या जीनमध्ये, त्यात डीएनएचं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. जन्मानंतर गॅमा हळूहळू मंदावतो, बीटा जोर धरतो, आणि पाच-सहा महिन्यांत रक्तात बीटापासून बनलेलं हिमोग्लोबिन एवढं होतं की लाल पेशी वाकायला लागतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि बोटं सुजतात. म्हणजे आजार पहिल्या दिवसापासून होताच, गॅमाने तो झाकून धरला होता. सिकलसेलच्या नवजात बाळांच्या पेशी कमी वाकतात हे १९४८ मध्ये अमेरिकेत जॅनेट वॉटसन या डॉक्टरबाईंनी टिपलं होतं, फीटल हिमोग्लोबिनवरचं पुढचं बरंच संशोधन तिथून सुरू झालं.

हायड्रॉक्सीयुरिया नेमकं हेच करतं, मंदावलेला गॅमा परत थोडा चालू करतं. काकूंचं अर्धं खरं आहे, काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये हे औषध देतात, पण तुझ्या बाळाला ते फीटल हिमोग्लोबिन वाढवायला दिलंय, आणि त्याने दुखण्याचे झटके कमी होतात हे मोठमोठ्या अभ्यासांत दिसलंय. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून डॉक्टर बोलावतील त्या तारखेला रक्ततपासणी चुकवू नको, आणि स्वतःच्या मनाने डोस कमी-जास्त करू नको, बंद तर अजिबात नको. ताप आला की घरगुती उपाय करत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. पाणी भरपूर पाजत राहा, थंडीत उघडा ठेवू नको.

तुला कुणीतरी व्हॉट्सॲपवर जीन दुरुस्तीच्या इलाजाचं पाठवेलच, म्हणून सांगते. गॅमाला दाबून ठेवणारा बीसीएल११ए नावाचा जीन आहे हे २००८ मध्ये समजलं, आणि रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी पेशंटच्या अंगातून काढून, त्यांत हा जीन लाल पेशींपुरता ढिला करून परत सोडायच्या, असा कॅसजेव्ही नावाचा इलाज २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. मंजुरी मिळाली तेव्हा तो बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी होता, आधी कडक केमो घ्यावी लागते आणि अमेरिकेत तेव्हा किंमत २२ लाख डॉलर होती. आज तुझ्या हातात जे आहे ते औषध नियमित देणं. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दर खेपेला बाळाला हाच आजार असण्याची २५ टक्के शक्यता असते, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घे, गरोदरपणात लवकर तपासणी करता येते. नवऱ्याच्या आणि तुझ्या भावंडांचीही तपासणी करून घ्या.

प्रश्न: दिंडोरीजवळ आमची काळ्या द्राक्षाची बाग आहे. मण्यांत पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागले, त्या काळात गारठाच नव्हता, मणी लालसरच राहिले, काळा रंग चढला नाही, व्यापाऱ्याने भाव पाडला. रंगाचा जीन बिघडला का? बाग काढून दुसरी जात लावू का?

उत्तर: दादा, बाग काढायची घाई करू नका, जीन जागेवरच आहे. द्राक्षाचा काळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो, आणि ते बनवणाऱ्या जीनना मायबीए१ हा जीन कामाला लावतो. मण्यात पाणी उतरायला लागलं की तो सालीत चालू होतो, पण उष्णता जास्त राहिली, रात्रीसुद्धा, तर त्याचं काम मंदावतं, शिवाय तयार झालेला रंगही टिकत नाही. पांढऱ्या द्राक्षाची गोष्ट मला फार आवडते. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवलं की पांढऱ्या जातींत हा जीन असतोच, फक्त तो जिथून चालू होतो तिथे डीएनएचा एक उपरा तुकडा येऊन बसलाय, म्हणून तो चालतच नाही. आपण आवडीने खातो त्या पांढऱ्या द्राक्षामागे हेच आहे.

तुमच्या हातात काय आहे? वेलीवर झेपतील तेवढेच घड ठेवा, जास्त घड ठेवले की रंग हमखास मागे पडतो. घडाजवळची दाटी कमी करा. ॲब्सिसिक ॲसिड या वनस्पतीच्या संप्रेरकाने मायबीए१ चं काम वाढतं हे प्रयोगांत दिसलंय आणि रंगासाठी ते वापरलं जातं, पण डोस आणि वेळ पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला विचारून ठरवा, एक्स्पोर्टचा माल असेल तर रेसिड्यूचं, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचं, आधी बघा.

प्रश्न: आईच्या स्तनातली गाठ काढली. रक्ताची बीआरसीए टेस्ट नॉर्मल आली, आता डॉक्टर गाठीवर २१ जीनची टेस्ट सांगतायत. परत जीन टेस्ट कशाला? (सिडको, नाशिक)

उत्तर: दोन्ही टेस्ट वेगळ्या आहेत. बीआरसीए म्हणजे ज्यांच्या दोषाने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो त्या जीनमध्ये जन्मतः दोष आहे का ते बघणं. दुसऱ्या टेस्टमध्ये गाठीतले २१ जीन किती जोरात चालू आहेत ते मोजतात, १६ कॅन्सरशी संबंधित आणि ५ तुलनेसाठी, आणि त्यावरून एक स्कोअर काढून कॅन्सर परत यायचा धोका आणि केमोचा फायदा याचा अंदाज काढतात. दहा हजारांहून जास्त बायकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात स्कोअर ११ ते २५ असलेल्या बहुतेक बायकांना हार्मोनच्या गोळ्यांवर वरून केमो देऊन जास्तीचा फायदा दिसला नाही, पन्नाशीच्या आतल्या आणि १६ ते २५ स्कोअर असलेल्या काहींना मात्र थोडा दिसला. केमो टळत असेल तर केवढा त्रास वाचतो, आईच्या बाबतीत हे नक्की विचारा. फक्त ही टेस्ट हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणाऱ्या) आणि हर-टू निगेटिव्ह (हर-टू नावाचं प्रथिन जास्त नसलेल्या) गाठीसाठीच आहे आणि खर्च मोठा आहे, तेव्हा आधी बायोप्सी रिपोर्ट बघा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, की स्कोअर कमी आला तर केमो खरंच टाळणार का? उत्तर नाही असेल तर पैसे घालू नका. आणि बीआरसीएचा नॉर्मल रिपोर्ट फाईलला जपून ठेवा, आईकडून तो दोष तुम्हा भावंडांकडे आलेला नाही एवढं त्यावरून कळतं.