पास पायात थांबत नाही, उसळतो

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत चौथी-पाचवीची २४ मुलं फुटबॉल खेळतात. ५ नंबरचे सहा बॉल आहेत, मैदान मुरमाचं. मुलांची किक चांगली आहे, पण आलेला पास पायाला लागून उसळतो. रोज वीस मिनिटं रांग लावून गोलवर किक मारून घेतो. आणखी काय करावं?
– एक क्रीडाशिक्षक

उत्तर : सर, आधी बॉल बघा. ५ नंबरचा बॉल मोठ्यांचा, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. या वयाला ४ नंबरचा हवा, ३५० ते ३९० ग्रॅमचा. तो मिळेपर्यंत आहेत त्यांतली हवा थोडी कमी करा. अंगठ्यानं दाबल्यावर बॉल जरासा दबला पाहिजे. मुरमावर टणक बॉल उसळणारच.

रांग मात्र उद्याच मोडा. एका किकला पंधरा सेकंद धरले तर वीस मिनिटांत ८० किक होतात, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला जेमतेम तीन. आणि त्यात आलेला बॉल घेणं एकदाही नाही!

चौघांत एक बॉल द्या. दोघं-दोघं समोरासमोर, अंतर सहा मीटर. पास द्यायचा आणि धावत समोरच्या जोडीच्या मागे जाऊन उभं राहायचं. चार सेकंदांना एक पास धरला तरी दहा मिनिटांत प्रत्येकाला पस्तीसहून जास्त वेळा बॉल घ्यावा लागतो.

घेताना मूल चवड्यावर, गुडघे किंचित वाकलेले. पायाची आतली बाजू बॉलसमोर, बोटं वर, पाऊल जमिनीपासून चार बोटं उचललेलं. बॉल टेकता टेकता पाऊल वीतभर मागे येऊ द्यायचं. पाय पुढे रेटला की बॉल उसळतो, बोटं खाली गेली की वर उडतो, पाऊल फार उचललं की खालून निसटतो. मुलाची चूक यांतली नेमकी कोणती ते पाहा आणि तेवढंच सांगा. 'नीट घे' म्हणून त्याला काही कळत नाही. बॉल मेल्यासारखा पायाशी थांबवायला शिकवू नका. पहिल्याच स्पर्शात तो अर्धा-एक मीटर बाजूला, पुढच्या पाससाठी सोयीच्या जागी गेला पाहिजे. दोन दिवस उजवा पाय, तिसऱ्या दिवशी फक्त डावा.

शेवटची दहा मिनिटं आठ मीटरच्या चौकोनात तिघांविरुद्ध एक : तिघं आपसांत पास देत राहतात, मधला बॉल हिसकावायला बघतो. हे टाळू नका, कारण अंगावर कुणी धावून आल्याशिवाय बॉल कुठे न्यायचा हे मुलाला समजत नाही. दोन पासांत बॉल जात असेल तर चौकोन मोठा करा. मधल्याला तो मिळतच नसेल तर लहान. 'एकाच टचमध्ये खेळा' अशी सक्ती इतक्यात नको.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाकडून क्लबमध्ये हेडिंगचा, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्याचा, सराव घेतात. योग्य आहे का?
– एक आई, पुणे

उत्तर : नाही, ताई. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांच्या काळजीपोटी अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद केलं, आणि इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नये असं मार्गदर्शन आहे. प्रशिक्षकांशी स्पष्ट बोला. तो वेळ मांडीवर आणि छातीवर बॉल घेण्याला द्यायला सांगा.