चोविसावा की पंचविसावा? वर्धापनदिनाची मोजणी

प्रश्न असा आहे: 'आमच्या वाचनालयाची स्थापना १ जून २००१ची. १ जून २०२५च्या कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेत आम्ही "पंचविसावा वर्धापनदिन" असं छापलं. दोन जुन्या सभासदांचं म्हणणं की हा चोविसावा. बाकीचे म्हणतात, स्वातंत्र्यदिन मोजताना पहिला दिवसही धरतात, मग आम्ही का धरू नये? बरोबर कोण? आणि रौप्यमहोत्सवी वर्ष कोणतं?'

जुने सभासद बरोबर आहेत. १ जून २०२५ हा चोविसावा वर्धापनदिन. त्याच दिवशी वाचनालयाला पंचविसावं वर्ष लागलं, म्हणून 'रौप्यमहोत्सवी वर्षाचा प्रारंभ' असं छापलं असतं तर ते नेमकं झालं असतं. पण स्वातंत्र्यदिनाचा दाखला देणाऱ्यांचंही चुकलेलं नाही. तिथे खरोखरच पहिला दिवस धरतात. फरक पडतो तो मोजायच्या शब्दामुळे.

'वर्धापन' या शब्दाच्या मुळाशी संस्कृतातला 'वृध्' म्हणजे वाढणे हा धातू आहे. आपलं 'वाढ' त्याच धातूपासून प्राकृतातून घरंगळत आलं. म्हणजे 'वर्धापनदिन' आणि 'वाढदिवस' हे एकाच घरातले दोन शब्द. एक संस्कृत रूपात राहिला, दुसरा बोलण्यात झिजून गोल झाला. व्यवहारात आपण माणसाला आणि लग्नाला वाढदिवस दिला आणि संस्थेला वर्धापनदिन दिला, एवढंच. अर्थ तोच, त्यामुळे मोजणीही तीच. मूल जन्मतं त्या दिवसाला कुणी पहिला वाढदिवस म्हणत नाही. वर्षाचं झालं की पहिला. लग्नाचंही तसंच. संस्था स्थापन झाली तो स्थापनादिन, आणि एक वर्ष वाढून जो दिवस येतो तो पहिला वर्धापनदिन. तुमच्या वाचनालयाचा पहिला वर्धापनदिन १ जून २००२ला झाला. तिथून मोजत या, २०२५ला चोविसावाच येतो.

गोंधळ होतो तो पुरं झालेलं वर्ष आणि चालू वर्ष यांच्यात. बोली मराठीत हा फरक इतका पक्का आहे की घरात कुणी चुकत नाही. 'तिला पाच पूर्ण झाली, सहावं लागलं.' 'त्याला चाळिसावं चालू आहे.' 'त्यांनी पन्नाशी गाठली', 'त्यांची साठी उलटली', 'ते सत्तरीच्या घरात आहेत'. लागणं, चालू असणं, गाठणं, पूर्ण होणं, उलटणं: माणूस वर्षाच्या उंबरठ्यावर आहे, आत आहे की पलीकडे गेला, हे प्रत्येक क्रियापद वेगळं सांगतं. छापील मराठीत आलो की आपण ही क्रियापदं सोडतो आणि नुसता आकडा पुढे करतो, मग वाद सुरू होतात. माझा आग्रह आहे की पत्रिकेतही 'पंचविसावे वर्ष लागत आहे' किंवा 'पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत' असं खुशाल लिहावं. त्यात काही कमी दर्जाचं नाही. कालगणनेच्या जुन्या परिभाषेतही सरलेल्या वर्षाला 'गत' आणि चालू वर्षाला 'वर्तमान' अशी वेगळी नावं आहेतच.

आता स्वातंत्र्यदिन. 'दिन' मोजताना तो दिवस किती वेळा आला हे मोजतो. १५ ऑगस्ट १९४७ हाच पहिला स्वातंत्र्यदिन, म्हणून १५ ऑगस्ट २०२२ हा शहात्तरावा. त्याच दिवशी स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, म्हणून अमृतमहोत्सवही त्याच दिवसाचा. शहात्तर आणि पंचाहत्तर दोन्ही आकडे खरे. एक दिवसांचा, दुसरा वर्षांचा. आंतरराष्ट्रीय योग दिनाचंही असंच: पहिला २१ जून २०१५ला झाला, म्हणून २०२४चा दहावा, तेव्हा मधे नऊच वर्षं गेली होती.

खरी गडबड 'प्रजासत्ताकदिनाचा ७५वा वर्धापनदिन' या शब्दयोजनेने होते. ही दर जानेवारीत, आकडा बदलून, फलकांवर आणि पत्रिकांवर दिसते. २६ जानेवारी १९५० हा पहिला प्रजासत्ताकदिन, म्हणजे २६ जानेवारी २०२४ हा पंचाहत्तरावा प्रजासत्ताकदिन आणि प्रजासत्ताकाचा चौऱ्याहत्तरावा वर्धापनदिन. दोन मोजपट्ट्या एकत्र बांधल्या की कोणताही आकडा घाला, एका बाजूने तो चुकतोच. शिवाय वर्धापन होतं ते प्रजासत्ताकाचं किंवा राज्याचं. दिवसाचं कसलं वर्धापन? त्यामुळे 'महाराष्ट्र दिनाचा वर्धापनदिन' हेही मला खटकतं. 'महाराष्ट्र दिन' म्हणावं, नाहीतर 'महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा वर्धापनदिन' म्हणावं. राज्य १ मे १९६०चं, त्यामुळे २०१०च्या १ मेला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि त्या दिवशी एक्कावन्नावा महाराष्ट्र दिन होता.

चालू वर्षाच्या मोजणीचं उत्तम उदाहरण शिवराज्याभिषेकाचं आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४ला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला झाला. तीनशे पन्नासाव्या वर्षाचे सोहळे २०२३ साली सुरू झाले तेव्हा अनेकांनी वजाबाकी करून विचारलं की २०२३मधून १६७४ गेले तर ३४९ उरतात, हे ३५० कुठून आलं? पण महाराजांनी राज्याभिषेकापासून स्वतःचा शक सुरू केला आणि त्याचं पहिलं वर्ष त्याच दिवशी लागलं. म्हणून २०२३च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला राज्याभिषेक शक ३५० लागला. 'तीनशे पन्नासावे वर्ष' हे म्हणणं तेव्हा पूर्ण बरोबर होतं. 'तीनशे पन्नास वर्षे पूर्ण' म्हणायला मात्र २०२४ उजाडावं लागलं. महोत्सवी वर्षाचा नियमही हाच. रौप्यमहोत्सवी वर्ष म्हणजे पंचविसावं चालू वर्ष. त्याची सांगता होते तेव्हा पंचविसावा वर्धापनदिन येतो.

जयंती आणि पुण्यतिथी वाढदिवसाच्या बाजूच्या. दोन्हींत पुरी झालेली वर्षं धरतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१चा आणि सव्वाशेवी जयंती २०१६ची. १ ऑगस्ट १९२० या एकाच दिवशी लोकमान्य टिळकांचं निधन झालं आणि अण्णाभाऊ साठे यांचा जन्म झाला. त्यामुळे १ ऑगस्ट २०२०ला टिळकांची शंभरावी पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची शंभरावी जयंती एकत्र आली. अण्णाभाऊंचं जन्मशताब्दी वर्ष मात्र त्याआधी, १ ऑगस्ट २०१९लाच लागलं होतं. (पुण्यतिथी 'साजरी' केली असं बातम्यांत सर्रास येतं. मला ते रुचत नाही. जयंती साजरी करावी. पुण्यतिथी पाळावी, किंवा पुण्यतिथीला अभिवादन करावं.)

तिसरी मोजणी संमेलनांची. तिथे वर्षांचा हिशेबच नाही, भरली किती ते पाहायचं. मराठी साहित्य संमेलनांची परंपरा १८७८ची, पण फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीला भरलं ते अठ्ठ्याण्णवावं. जी वर्षं संमेलनावाचून गेली ती क्रमांकात नाहीत. उन्हाळी ऑलिंपिकची रीत याच्या उलटी. १९१६, १९४० आणि १९४४चे खेळ महायुद्धांमुळे झालेच नाहीत, तरी त्यांचे क्रमांक राखून ठेवले आहेत, कारण तिथे क्रमांक चार वर्षांच्या कालखंडाला असतो. म्हणून २०२१ साली झालेलं टोकियोचं ऑलिंपिक बत्तिसावं ठरतं, प्रत्यक्षात तोवर खेळ भरले एकोणतीस वेळा. हे तुम्हालाही उपयोगी पडेल. समजा २०२० साली तुमचा कार्यक्रम झाला नसेल, तर तुमच्या वार्षिक स्नेहमेळाव्याचा क्रमांक एकाने मागे राहील. वर्धापनदिनाचा राहणार नाही, कारण वय वाढायला कार्यक्रम लागत नाही.

महोत्सवांची नावं तुम्हाला ठाऊक असतीलच: पंचवीसला रौप्य, पन्नासला सुवर्ण, साठला हीरक, पंचाहत्तरला अमृत.

तर पत्रिकेचा मजकूर. जी छापून झाली ती झाली. रौप्यमहोत्सवी वर्ष १ जून २०२५ ते ३१ मे २०२६ असं धरा आणि १ जून २०२६च्या पत्रिकेत 'वाचनालयास पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त पंचविसावा वर्धापनदिन व रौप्यमहोत्सवी वर्षाची सांगता' असं घाला. 'पंचविसावा'मधला 'वि' ऱ्हस्व. 'पंचवीस'मधला दीर्घ 'वी' प्रत्यय लागल्यावर ऱ्हस्व होतो, जसा 'वीस'चा 'विसावा'. आकड्यात लिहिलंत तर '२५वा' जोडून लिहा, मधे जागा सोडू नका, 'वा' हा प्रत्यय आहे. 'वर्धापनदिन' हाही एकच शब्द, आणि त्यातला 'दि' ऱ्हस्व. छापखान्यातून कच्ची प्रत येते तेव्हा बहुतेक वेळा तो 'दीन' होऊन येतो. तेवढं तपासून घ्या.