आईला अलेक्सा घेऊन दिली, पण ती वापरत नाही. तिला सवय कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की आई ६८ वर्षांच्या आहेत, गुडघेदुखीमुळे सारखं उठबस जमत नाही, म्हणून अलेक्सा, म्हणजे बोलून सांगितलेलं ऐकणारा ॲमेझॉनचा स्पीकर, आणि त्याला सांगून लावता येणारे दोन स्मार्ट बल्ब आणलेत, पण त्या त्याच्याकडे बघतही नाहीत. माझी आई साताऱ्याला एकटी राहते आणि आता रोज हे वापरते, त्यावरून सांगतो.

दिव्यापासून सुरुवात करू नका. दिवा त्यांना बटणाने लावता येतोच, मग यंत्राला कशाला सांगायचं? त्यांना हवी असलेली पण सहज न मिळणारी एकच गोष्ट शोधा. माझ्या आईसाठी ती होती पहाटेचे अभंग. रेडिओला खरखर, मोबाईलवर शोधायला चष्मा लागायचा. ‘अलेक्सा, भीमसेन जोशी के अभंग लगाओ’ एवढं एकच वाक्य तिला शिकवलं. कुणाला आकाशवाणी हवी असेल, कुणाला औषधाची आठवण. ते एक अंगवळणी पडेपर्यंत दुसरं काही शिकवू नका.

भाषा आधीच ठरवा. अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते, स्पीकरच्या भाषांत मराठी नाही. फोनवरच्या अलेक्साच्या ॲपमध्ये हिंदी निवडा. आपल्या आयांची हिंदी बाजारहाटाची असते, पण ‘बंद करो’, ‘आवाज कम करो’ यावर काम भागतं. मराठीतच बोलायचं असेल तर अँड्रॉइड फोनवरच्या गुगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी कळते.

खरी अडचण वेगळीच असते. मोठी माणसं ‘अलेक्सा’ अशी हाक मारतात आणि पलीकडून ‘ओ’ येईपर्यंत थांबतात. तेवढ्यात स्पीकरवरची, ती ऐकत असल्याची खूण असलेली निळी कडी विझते आणि त्यांना वाटतं, हिला माझं ऐकूच येत नाही. ॲपमध्ये त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये विनंती सुरू होताना आवाज करण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. हाक ऐकली की टुंग वाजतं, मग त्या निवांत पुढचं बोलतात. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडतो. स्पीकर टीव्हीशेजारी ठेवू नका, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीजवळ ठेवा.

आता बल्ब. रात्री भिंतीवरची बटणं बंद करणं ही त्यांची जन्माची सवय. बटण बंद झालं की स्मार्ट बल्ब कितीही हाका मारल्या तरी पेटत नाही. ती सवय मोडायला जाऊ नका. वायरमनकडून बोर्डाच्या आत, बटणाच्या मागे, स्मार्ट स्विचचं मॉड्यूल (आवाजावर दिवा चालू-बंद करणारी छोटी डबी) बसवून घ्या आणि बल्ब साधाच ठेवा. मग बटणही चालतं आणि आवाजही. अशा मॉड्यूलला बहुतेक वेळा न्यूट्रलची वायर लागते, जुन्या घरात ती बोर्डात आहे का, हे आधी वायरमनला बघायला सांगा. गिझरला ६ अँपिअरचा स्मार्ट प्लग (सॉकेटमध्ये खोचून आवाजावर चालू-बंद करायचा प्लग) कधीच लावू नका. २००० वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचाच लागतो, आणि मी तर गिझर आवाजावर देतच नाही, चालू राहिल्याचं लक्षात राहत नाही. वीज जात असेल तर राउटर आणि स्पीकर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

‘ही आपलं सगळं ऐकते का?’ असं आई विचारतीलच. खरं उत्तर द्या. ती नावाची वाट बघत असते, नाव ऐकल्यावरचं बोलणं कंपनीकडे जातं. ते ॲपमधून खोडता येतं. माईक बंद करायचं बटण त्यांच्या हाताने दाबून दाखवा, लाल दिवा लागतो. आणि ड्रॉप-इन, म्हणजे समोरच्याने न उचलताच आवाज जोडणारी सोय, त्यांना नीट समजावून त्या हो म्हणाल्या तरच चालू करा. काळजी कितीही असली तरी घर त्यांचं आहे. आवाजावर खरेदी मात्र लगेच बंद करून टाका.

एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवा. अलेक्सावरून ११२ ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लागत नाही. पडल्या-झडल्या तर त्यासाठी गळ्यात किंवा खिशात फोन हवाच, आणि शेजारच्या एका घराचा नंबर त्यात सगळ्यात वर.

आई एकट्या असतात की घरात आणखी कुणी आहे, आणि घराचं वायरिंग किती जुनं आहे, हे कळवलंत तर बोर्डाबद्दल अजून नेमकं लिहितो.