पहिला सुधारणा प्रकल्प: एक वॉर्ड, एकच गोष्ट

अगं, पेशंट पडणं, बेडसोअर, औषधांच्या चुका असं सगळं एकदम अंगावर घेऊ नकोस. सलाईन लावलेली शीर सुजणं-दुखणं, म्हणजे फ्लेबायटिस, एवढंच घे.

- आधी मोज. पंधरा दिवस रोज प्रत्येक कॅन्युला (शिरेत घातलेली सलाईनची नळी) बघून 0 ते 5 चा व्हीआयपी स्कोअर, म्हणजे शीर किती सुजलीय याचा आकडा, लिही. 2 आला की ती काढून दुसरीकडे लावायची.
- मग एकच बदल, एकाच शिफ्टला. आम्ही नुसती ड्रेसिंगवर तारीख-वेळ टाकायला लागलो, तर विसरलेल्या कॅन्युला लगेच नजरेत यायला लागल्या.
- "कुणी लावली?" हे विचारू नकोस. मी विचारलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे स्कोअर शून्य, म्हणजे भीतीने कुणी खरं लिहीचना!

मावशींनाही सामील करून घे. हात ठणकतोय हे पेशंट बरेचदा आधी त्यांनाच सांगतो. आलेख-बिलेख नंतर बघू.