आजोबांना टीव्हीवरच्या बातम्या कळतात, मग फोनवर सांगितलेलं नाव का नाही?

बातम्या व्यवस्थित ऐकणारे आजोबा फोनवर ‘साठे’ सांगितलं की ‘काटे’ ऐकतात, हे सोंग तर नव्हे, असं तुम्ही विचारलंय. मी श्रवणतपासणीच्या कामात आहे. ‘यांना हवं तेवढंच ऐकू येतं’ ही तक्रार घरोघरची, आणि बहुतेक वेळा अन्यायाची.

वयाबरोबर आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स्वर शाबूत राहतात, पण स, श, त अशी व्यंजनं पुसट होतात. त्यात साधा फोन ३४०० हर्ट्‌झच्या वरचे, म्हणजे उंच पट्टीचे आवाज कापूनच टाकतो. टीव्हीवर निदान ओठ दिसतात, खाली पट्टी असते.

उरलेल्या गाळलेल्या जागा मेंदू भरतो, तेही आपल्या नकळत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली एका इंग्रजी वाक्यात ‘लेजिस्लेचर्स’मधला ‘स’ कापून तिथे खोकला डकवला. २० पैकी १९ जणांना काही गहाळ आहे असं वाटलंच नाही. विसाव्याने सांगितला तो भलताच आवाज. खोकला नेमका कुठे आला, हेही कुणाला धड सांगता येईना. खोकल्याच्या जागी नुसती शांतता ठेवली, की मात्र फट लगेच कळते.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियातले मेंदूचे शल्यविशारद एडवर्ड चँग यांच्या गटाने हे थेट मेंदूवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडमधून पाहिलं. ‘फास्टर’ की ‘फॅक्टर’ हे ठरवणारा आवाज काढून तिथे गोंगाट भरला होता. तरी मेंदूच्या ऐकण्याच्या भागात तो खरंच कानावर पडल्यासारखी हालचाल झाली. त्याहून गंमत म्हणजे माणसाला दोन्हींपैकी कोणता शब्द ऐकू येणार, याची चाहूल मेंदूच्या पुढच्या भागात आधीच लागत होती. म्हणजे निरोप कानाकडून वर जातो, तसा वरूनही खाली येतो.

आडनावाला असा आधार कुठला? ‘पेट्रोलचे दर...’ म्हटलं की पुढचं निम्मं ठरलेलं असतं. ‘साठ्यांचा फोन होता’ यात साठेच का, काटे का नाहीत, हे वाक्य सांगत नाही.

म्हणून आधी विषय सांगा: ‘बँकेतून फोन आहे, खात्याबद्दल, साठे बोलतायत.’ आवाज चढवून फारसा उपयोग नाही.

आणि एकदा रीतसर तपासणी करून घ्या. घरच्या गप्पांवरून अंदाज येत नाही, कारण तुमचे विषय त्यांना पाठ असतात. आम्ही त्यासाठीच एकेक सुटा शब्द म्हणायला लावतो.